हॅम रेडिओच्या अँटेनाला विरोध कशासाठी?


छोट्या प्लॉटवर हॅम रेडिओचे (हौशी बिनतारी संदेशवहनाचे) मनोरे नकोत, हे वाचकपत्र वाचले. भीती समजते, पण हा मोबाइल टॉवर नव्हे. हॅम होण्यासाठी केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा व परवाना लागतो; या संचावर धंदा करता येत नाही. १४ मेगाहर्ट्झसाठी जेमतेम १० मीटर तार पुरते. गच्चीवरच्या एका पाइपच्या टोकावरून तिच्या दोन बाजू उतरत्या बांधल्या, की ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटमध्ये सहज बसते.

पत्रलेखकांचा एक मुद्दा रास्त आहे. पाइप पडला तरी महावितरणच्या तारांवर पडू नये इतका दूर हवा, पाइपला आधार देणारे ताण शेजाऱ्याच्या हद्दीत नकोत, अर्थिंग चोख हवे. अशा अटी जरूर घाला. सरसकट बंदी नको.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपात उद्ध्वस्त झाला, तेव्हा निरोप पोहोचवायला हॅम मंडळीच धावून आली होती. ही सोय धाराशिव जिल्ह्याला तरी परकी वाटू नये. नगरपालिकांनी स्पष्ट नियमावली करावी आणि शेजाऱ्यांनीही आधी अँटेना पाहून मगच हरकत घ्यावी, ही विनंती.
— एक वाचक, उमरगा