पडदा आणि तराजू

1936 पासून गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला होता आणि त्या वर्षांत वर्ध्याकडे साऱ्या देशाचे लक्ष असे. सिनेमाविषयी मात्र त्यांचे मत चांगले नव्हते. जुगार, सट्टा आणि घोड्यांच्या शर्यती यांच्या पंक्तीत त्यांनी सिनेमालाही बसविले, तेव्हा ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1939 मध्ये ‘फिल्मइंडिया’ या मासिकातून त्यांना अनावृत पत्र लिहिले आणि या कलेचा पुनर्विचार करावा, अशी विनंती केली. पुढे 1944 मध्ये जुहू येथे विश्रांतीसाठी असताना गांधीजींनी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ पाहिला. यापलीकडे त्यांचा सिनेमाशी संबंध जवळजवळ नाहीच.

सट्टा आणि सिनेमा यांचा हा शेजार व्यापारी घरांना गमतीचा वाटेल. पेढीवर बसणाऱ्याला सट्ट्याचा मोह ठाऊक असतो आणि सिनेमा हा त्याच्या लेखी वेळेचा अपव्यय असतो. परंतु काही चित्रपट असे आहेत की ते व्यापाऱ्याच्याच हातातील तराजूविषयी बोलतात. या महिन्याच्या सदरासाठी तेच निवडले आहेत. त्यांत तुरुंगाची कथा आहे, तत्त्वचर्चा आहे, भयकथा आहे, विनोद आहे; शेवटचा चित्रपट तर आपल्या कापसाच्या मुलखातला आहे.

‘दो आँखें बारह हाथ’ (1957) पुष्कळांनी लहानपणी पाहिलेला असतो आणि त्यातले प्रार्थनागीतच तेवढे लक्षात राहिलेले असते. व्ही. शांताराम यांचे वडील जैन होते. चित्रपटातील जेलरचे नाव आदिनाथ आहे, हा योगायोग असेलही. औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथे कैद्यांना खुल्या वसाहतीत ठेवण्याचा प्रयोग झाला होता. त्यावरून सुचलेली ही कथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. सहा खुनी कैद्यांना जेलर माळरानावर नेतो, त्यांच्याकडून शेती करून घेतो. इथपर्यंत सर्वांना आठवते. विसरले जाते ते पुढचे. कैदी आपली भाजी बाजारात रास्त भावाने विकू लागतात आणि त्यामुळे बाजार मुठीत ठेवणाऱ्यांचा नफा बुडतो. कैद्यांवर हात उगारला जातो तो या कारणाने. खुनी माणसे हात आवरून उभी आहेत आणि काठी बाजारवाल्यांच्या बाजूने चालते आहे, हे दृश्य आज पाहताना अंगावर येते. बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. बैलाशी झुंजण्याच्या दृश्यात शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. उत्तरार्ध काहीसा भडक आहे, खेळणी विकणाऱ्या चंपाची गाणीही लांबतात. तरीही घरातल्या तीन पिढ्यांनी एकत्र पाहावा असा हा चित्रपट आहे.

आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थिसियस’ त्या मानाने अवघड. संवाद पुष्कळसे इंग्रजीत, गती संथ. 2013 च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तीन कथांपैकी मधली कथा मैत्रेय नावाच्या साधूची आहे. हा साधू पाहताना जैन मुनींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अनवाणी विहार, अल्पाहार, न्यायालयाच्या गर्दीत पायाखाली येऊ पाहणाऱ्या गोमेला अलगद उचलून बाजूला ठेवणे, हे सारे नीरज कबी यांनी कमालीच्या संयमाने उभे केले आहे. प्राण्यांवरील औषधचाचण्यांविरुद्ध तो न्यायालयात लढतो आहे. त्यातच त्याला यकृताचा असाध्य होत चाललेला विकार जडतो. औषध घ्यावे तर ते त्याच चाचण्यांतून आलेले. चार्वाक नावाचा एक तरुण त्याच्याशी वाद घालत राहतो, आणि दोघांपैकी कोणालाही दिग्दर्शक मूर्ख ठरवीत नाही. अशी वादसभा आपल्या चित्रपटांत क्वचितच दिसते.

जाणत्या वाचकाला येथे एक गोष्ट खटकेल. आयुष्याच्या अखेरीस शांत चित्ताने घेतलेले संथाऱ्याचे व्रत वेगळे आणि औषधामागची हिंसा नको म्हणून उपचार नाकारणे वेगळे. चित्रपटात या दोहोंची सरमिसळ होते. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दोन वर्षांनी, ऑगस्ट 2015 मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदेशीर ठरविला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या दिवसांत घरोघरी जी चर्चा झाली, तिचे कितीतरी मुद्दे मैत्रेय आणि चार्वाक यांच्या बोलण्यात आधीच येऊन गेलेले आहेत. शेवटी अवयव स्वीकारलेल्यांमध्ये मैत्रेयही दिसतो. त्याचे मन कसे पालटले, हे पुरेसे न दाखवता चित्रपट पुढे सरकतो. ही त्याची खरी उणीव.

याच चित्रपटाच्या तिसऱ्या कथेत सोहम शाह यांनी शेअर दलालाची भूमिका केली आहे. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या या दलालाला संशय येतो की आपल्याला मिळालेला अवयव कुणा गरिबाचा चोरलेला असावा, आणि हिशेबाचा हा माणूस अस्वस्थ होऊन त्या चोरीच्या मागावर निघतो. हेच सोहम शाह पुढे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (2018) मध्ये विनायक झाले, आणि हा विनायक अगदी उलट टोकाचा. चित्रपटाचा आरंभ गरज आणि हाव यांविषयीच्या, गांधीजींच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या वचनाने होतो. हस्तर हा शापित देव सोन्याबरोबर धान्यावरही हक्क सांगू पाहतो आणि कायमचा भुकेला राहतो. कणकेची बाहुली त्याच्यापुढे टाकून विनायक त्याच्याजवळच्या मोहरा लुटतो. भीती वाटते ती हस्तरची नव्हे. बाप मुलाला हा धंदा शिकवतो, ती दृश्ये अधिक भयंकर आहेत. व्यापारी घरांत मुलगा वडिलांजवळ बसून भाव-ताव शिकतो, त्याच मायेने आणि त्याच कडकपणाने येथे लोभाचे शिक्षण दिले जाते. पांडुरंग वडिलांचे मन जिंकण्यासाठी जे करतो, ते पाहताना कोणाही बापाला आपले दुकान आठवेल. चित्रपट प्रौढांसाठीच आहे, लहान मुलांना दाखवू नये. प्रथम तो बेताचाच चालला. 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली.

मुलांसाठी परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) आहे. भांडवल उभे करण्यासाठी दादासाहेब फाळके कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवतात, घरातील चीजवस्तू मोडतात आणि तरीही घर हसत राहते. नंदू माधव यांचे फाळके भांडवलाशिवाय धंदा मांडणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचे वाटतील.

सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) वर्धा जिल्ह्यातील वाचकांनी तरी चुकवू नये. नाव वऱ्हाडी शिवीतले आहे, म्हणून घरातील ज्येष्ठ नाक मुरडतील, मुरडू द्यावे. 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत वर्धाही होता. चित्रपट त्या काळातला आहे, पण तो आकड्यांत शिरत नाही. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलेला आहे. आपला नवराही तसेच काही करील, या धास्तीने अलका त्याच्यावर पाळत ठेवते. लहान दिनूला बापाच्या मागे मागे धाडते, घरात गोडधोड करते. किसनाला या अकस्मात लाडाचे कारणच कळत नाही. येथे प्रेक्षक हसतो आणि हसता हसता थांबतो. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि आजीच्या भूमिकेत ज्योती सुभाष, तिघांचेही काम अस्सल. पाऊस हवा तेव्हा येत नाही, आणि येतो तेव्हा नको तितका येतो.

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी येथील व्यापाऱ्याला हा किसना परका नाही. तो मृगात बियाण्याच्या उधारीसाठी दुकानाच्या पायरीवर येतो आणि दिवाळीच्या सुमारास कापसाची गाडी घेऊन बाजारात उभा राहतो. चित्रपट दुकानाच्या बाजूने पाहत नाही, ही तक्रार व्यापारी प्रेक्षक करील आणि ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. कृषिकेंद्रवाल्यालाही कंपनीची देणी असतात, जिनवाल्यालाही रुईच्या भावाची झोप उडवणारी चिंता असते, आणि पाऊस फसला की त्याच्याही वहीतील पाने कोरी होत नाहीत. परंतु वहीत किसना एका ओळीत मावतो: नाव, गाव, रक्कम, तारीख. अलका आणि दिनू त्या ओळीत नसतात. पेरणीच्या आधी, उधारीचे खाते उघडण्याच्या आठवड्यात, मुनीम आणि दुकानात नव्याने बसू लागलेला मुलगा यांना सोबत घेऊन हा चित्रपट पाहावा.