नावडतीचे मीठ

ठाण्यात महापालिकेची दोन मोठी नाट्यगृहे आहेत. त्या दोन नावांच्या मधोमध छत्रपती संभाजी महाराज उभे आहेत, हे तिकीट काढणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. हिरानंदानी मेडोजमधले नाट्यगृह डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचे. वसंत कानेटकरांच्या १९६२ सालच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधल्या संभाजीने या दंतवैद्याला नट म्हणून नाव मिळवून दिले. तलावपाळीवरचे रंगायतन राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचे. ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात त्यांनी संभाजीराजांना व्यसनी, विलासी रंगवले, या रागापोटी पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा ३ जानेवारी २०१७च्या पहाटे उखडून मुठेत फेकण्यात आला आणि संभाजी ब्रिगेडने ती जबाबदारी उघडपणे घेतली. म्हणजे ज्यांचे पिणे जगजाहीर होते त्या घाणेकरांवर लोकांनी माया केली, चित्रपट काढला, नाट्यगृहाला नाव दिले. आणि दारूवर ‘एकच प्याला’ हे मराठीतले सगळ्यात जळजळीत नाटक लिहिणारे गडकरी नदीत गेले. आवडतीचा शेंबूड गोड आणि नावडतीचे मीठ अळणी, ही आपलीच म्हण. तिच्यात दोष मिठाचा नाही, जिभेचा आहे.

माझे म्हणणे एवढेच की कलाकृतीचा आस्वाद हे एक खाते आहे आणि कर्त्याविषयीचा राग-लोभ हे दुसरे. एकातली तूट दुसऱ्यातून वळती करू नये, आणि एकातली शिल्लकही दुसऱ्यात जमा धरू नये. यावर नेहमीचा आक्षेप असा, की ज्या हाताने वाईट केले त्याच हाताने लिहिले, मग माणूस आणि कृती वेगळी काढणार कशी? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद नाटकाच्या बाबतीत तरी पहिल्या घंटेलाच कोसळतो. गडकरी २३ जानेवारी १९१९ला सावनेरला वारले, आणि ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यानंतर महिन्याभराने बडोद्याला झाला. त्यातली पदे वि. सी. गुर्जरांची, नायिका सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. ज्या माणसापासून नाटक वेगळे काढता येत नाही म्हणतात, तो पहिल्या प्रयोगालाच नव्हता, आणि नाटक शंभर वर्षे चालले. शेवटच्या अंकात नशेतल्या नवऱ्याच्या, सुधाकरच्या हातून मूल जाते, सिंधू घायाळ होते, फौजदार चौकशीला येतो आणि ही बाई आपणच पडून लागले असा जबाब देऊन मरता मरता नवऱ्याला सोडवते. आजच्या प्रेक्षकाला तिच्या त्या सोशिकपणाचा संताप येतो, आणि यावाच. पण तो संताप सिंधूला डोळ्यांसमोर पाहून आलेला असतो, गडकऱ्यांची कुंडली पाहून नव्हे. कृतीशी भांडायचे तर ते असे. उलट, कर्त्याच्या स्वभावावरून कृती ताडायला जावे तर हमखास फसगत होते. कल्याणचे रंगमंदिर ज्यांच्या नावाचे, त्या आचार्य अत्र्यांनी अग्रलेखांतून प्रतिपक्षाची सालटी काढली. हळवी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणून १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारेही तेच अत्रे.

कुणी म्हणेल, पुण्यातला राग माणसावर नव्हताच, कृतीवर होता. कबूल. मग तो कृतीपुरता का राहिला नाही? गडकऱ्यांच्या हाताशी होता तो बखरींचा इतिहास. मल्हार रामराव चिटणिसाने आपली बखर संभाजीराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली, आणि त्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना देहदंड दिला होता तो संभाजीराजांनीच. पुढच्या नाटककारांनी जो काळा रंग वापरला, तो बऱ्याच अंशी या दौतीतला. वा. सी. बेंद्र्यांनी हयात खर्चून, कागदपत्रे धुंडाळून राजांचे चरित्र प्रसिद्ध केले ते १९६० साली. तोवर गडकऱ्यांना जाऊन चाळीस वर्षे उलटली होती. यामुळे ‘राजसंन्यास’मधले चित्र खरे ठरत नाही. ते एकांगीच आहे. पण ते एकांगी आहे हे आज आपल्याला ठामपणे म्हणता येते ते बेंद्र्यांमुळे, पहारीमुळे नव्हे. बखरकारांना बेंद्र्यांनी दिलेली शिक्षा मुठेच्या पाण्यापेक्षा कितीतरी जबर आहे. शिवाय एका अपुऱ्या नाटकाचा दंड ‘भावबंधन’ने, ‘वाग्वैजयंती’ने आणि ‘बाळकराम’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या विनोदाने का भरावा?

आता म्हणीचा पहिला भाग, कारण या वादात माझ्या बाजूने बोलणारे पुष्कळ जण तिथेच घसरतात. कलावंताला सात खून माफ, प्रतिभावंताला सामान्यांचे नियम लावू नयेत, असे ते म्हणतात. हेही खात्यांची सरमिसळ करणेच झाले, फक्त उलट्या दिशेने. पुतळा पडला त्याला महिना होतो न होतो तोच, ३ फेब्रुवारी २०१७ला डोंबिवलीत ९०वे साहित्य संमेलन भरले आणि संमेलननगरीला नाव दिले होते डोंबिवलीकर पु. भा. भाव्यांचे. गाडगीळ, गोखले, माडगूळकर यांच्या जोडीने नवकथेचा चौथा खांब म्हणून ज्यांचे नाव घ्यावे लागते ते हे भावे, आणि कडवे हिंदुत्व लपवून न ठेवणारेही हेच. १९७७ साली पुण्याच्या संमेलनात त्यांच्या अध्यक्षपदाला कडाडून विरोध झाला होता. माझ्या मते त्या विरोधकांना विरोधाचा पूर्ण अधिकार होता. अध्यक्षपद, पुतळा, कमानीवरचे नाव हे सगळे माणसाला दिलेले मान आहेत, आणि मान देताना माणूस पाहिला जाणारच. पण त्या अध्यक्षपदाला हरकत घेणाऱ्याने भाव्यांची कथाच वाचायची सोडली, तर नुकसान भाव्यांचे झाले नाही. आणि कथा आवडली म्हणून त्यांचे राजकारण ज्याने गिळले, त्यानेही कथा नीट वाचली नाही. आपल्याकडे आवडणे आणि पूजणे यांत अंतरच उरत नाही, हे खरे दुखणे. एकदा देव्हाऱ्यात बसवले की मग एक तर आरती, नाही तर विसर्जन.

हयात असलेल्या कलावंताचा प्रश्न मात्र अधिक खडतर आहे. त्याच्या नाटकाचे तिकीट काढले की पैसा त्याच्या खिशात जातो, त्या पैशातून दबदबा वाढतो आणि ज्याच्यावर त्याने अन्याय केला त्याचा आवाज आणखी दबतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तिकीट काढू नका, सन्मान अडवा, तक्रार असेल तर कायद्याच्या वाटेने तडीस न्या. फक्त तेवढ्यावरून नाटक वाईट असल्याचा निर्वाळा देऊ नका. ‘मी पैसे देणार नाही’ हे प्रामाणिक वाक्य आहे. ‘तो तसा निघाला, म्हणजे त्याचा अभिनयही कधी खरा नव्हताच’ ही मागाहून केलेली सारवासारव. आणि ज्याच्या जखमेला ती कला थेट झोंबते, त्याला तर कुणी रसिकतेचे धडे देऊच नयेत. जर्मन संगीतकार वाग्नरचा ज्यूद्वेष आणि नाझींनी केलेला त्याचा गौरव यांमुळे त्याचे संगीत इस्राएलमध्ये वर्ज्य मानले जाते. २००१ साली जेरुसलेममध्ये कार्यक्रम संपल्यावर वाद्यवृंदाचा संचालक डॅनिएल बॅरेनबॉइमने श्रोत्यांनाच विचारले, वाग्नर वाजवू का? बरीच वादावादी झाली. काही जण दारे आपटत निघून गेले, बहुतेक बसून राहिले, आणि त्याने वाजवले. जाणारे चुकले नाहीत आणि बसणारेही नाहीत. चूक ठरली असती ती जाणाऱ्यांनी बसणाऱ्यांची दारे बंद केली असती तर.

गडकऱ्यांच्या बाबतीत पैशाचा प्रश्नही उरलेला नाही. त्यांच्या नावाने मुठी आवळणाऱ्यांनी आणि गळा काढणाऱ्यांनीही आधी ‘राजसंन्यास’ वाचावे. त्यावर आज कुणाचाही स्वामित्वहक्क नाही.