छपराला डोळे हवेत!

छप्पर बदलायची वेळ आली की घरधनी तीन प्रश्न विचारतो: खर्च किती, टिकेल किती आणि गळेल का? आत दिसेल का, हा चौथा प्रश्न कोणी विचारीत नाही.

मी शाळामास्तर, राहणारा कोकणातला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची हजारो छपरे उधळली. पुढे कौलांच्या जागी कुठे पत्रे आले, कुठे स्लॅब. त्याबद्दल माझे भांडण नाही. वादळ सोसलेल्या माणसाने पक्के छप्पर मागावे हे रास्तच आहे. भांडण आहे ते काचेच्या कौलांना दिलेल्या निरोपाबद्दल.

जुन्या घराचे माजघर चहूबाजूंनी खोल्यांनी वेढलेले. तिथे उजेड यायचा तो वरूनच. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तसली कौले पुढे कोकणात घरोघर चढली. त्यांच्याच मापाची, त्यांच्याच खाचांत बसणारी दोन-चार काचेची कौले घातली की तांदूळ निवडायला दिवा लागत नसे. देशावरच्या धाब्याच्या घरांनाही याचसाठी सानं ठेवीत.

आता भर दुपारी बटण दाबावे लागते. ओटीवर पेपर वाचणाऱ्या यजमानांना ते जाणवत नाही, कारण ओटीवर उजेड आहे! छपराचा निर्णय ओटीवर होतो आणि अंधार माजघराच्या वाट्याला येतो.

म्हणतात, काच गळते. अहो, गळते ती बसवणाऱ्याची हयगय! स्लॅब ओततानाच चौकोन सोडावा, भोवती वीतभर उंच कठडा बांधावा आणि जाड काच कठड्याबाहेर चार बोटे येऊ द्यावी. पत्र्यांतही एखादा पारदर्शक पत्रा घालता येतो. फायबरचा असला तर उन्हाने पिवळा पडतो, तेव्हा बदलावा. म्हणतात, ऊन फार येते. वैशाखात येते खरे. तेवढ्यापुरता काचेवर बाहेरून पातळ चुना फासावा. पाऊस तो धुऊन नेतो. चोराची भीती असेल तर खाली गज बसवा.

दिवाळीत आपण अंगणात पणत्या मांडतो. यंदा छप्पर बदलणार असाल, तर गवंड्याला बोलावण्याआधी भर दुपारी दिवे मालवून स्वयंपाकघरात उभे राहा आणि सुईत दोरा ओवून पाहा. नाही ओवता आला, तर तिथे रोज राबणारीलाच विचारा, काच कुठे हवी. चौकोन तिथेच सोडा.