थंडीत गोबरगॅस का रुसतो?



भिवंडी तालुक्यातल्या पूर्णा गावाहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात, “आमचा दोन घनमीटरचा, लोखंडी टाकीचा गोबरगॅस आहे. पावसाळ्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यावर होत असे. दिवाळी सरली आणि ज्योत मंदावली. आता तांदळाच्या भाकऱ्या कशाबशा निघतात, कालवण चुलीवर करावे लागते. धुराने सासूबाईंचा खोकला पुन्हा उसळला आहे. घरधनी म्हणतात, खड्डा बुजवू आणि जागा गोदामांवर येणाऱ्या ट्रकांना भाड्याने देऊ. सगळे म्हणतात, थंडीमुळे असे होते. मग करावे तरी काय?”

ताई, खड्डा बुजवायची घाई करू नका. थंडीचा दोष आहे, पण सगळा दोष थंडीचा नाही.

शेणापासून गॅस तयार करणारे जंतू उबेचे भुकेले असतात. 35 अंशांच्या आसपास ते जोमाने काम करतात, 20 च्या खाली रेंगाळतात आणि 10 अंशांजवळ जवळजवळ थांबतात. निफाडकडे काही वर्षी पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो. तिथल्या शेतकऱ्याने थंडीला बोल लावला तर ते समजण्यासारखे आहे. पण पूर्णा पडले खाडीकाठच्या पट्ट्यात. तुमच्याकडे पहाटे गारवा असला तरी दुपारी ऊन असते आणि जमिनीच्या पोटातली ऊब सहसा टिकून राहते. गॅस थोडा घटेल हे खरे, पण निम्म्यावर आला असेल तर दुसरे कारण शोधलेच पाहिजे.

आधी हे ठरवा, की गॅस तयारच होत नाही, की तयार होऊन चुलीपर्यंत पोचत नाही? त्यासाठी दोन रात्रींची परीक्षा सांगतो. पहिल्या रात्री जेवणे आटोपली की टाकीवरचा कॉक बंद करा आणि टाकी किती वर आहे तिथे खडूने खूण करा. सकाळी ती किती चढली ते मोजा. दुसऱ्या रात्री टाकीवरचा कॉक उघडा ठेवून शेगडीजवळचा बंद करा आणि सकाळी पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी टाकी बरीच कमी चढली तर गॅस नळीतून गळतो आहे. सांध्यांना साबणाचे पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. काडी ओढून गळती शोधू नका, जिवावर बेतेल. ज्यांचा घुमटाचा दीनबंधू संयंत्र आहे त्यांना टाकी दिसत नाही. त्यांनी बाहेरच्या कुंडीतल्या मळीच्या पातळीवर खूण करावी. आत गॅस साठला की ती पातळी चढते.

टाकी दोन्ही रात्री छान चढते, पण ज्योत भकभकते, असे असेल तर नळीत पाणी साचले आहे. या गॅसमध्ये वाफ असतेच. थंड नळीत तिचे पाणी होते आणि वाट अडवते. नळीच्या सखल जागी पाणी काढायची तोटी असते, ती थंडीत आठवड्यातून एकदा तरी उघडावी. त्या वेळी जवळ विस्तव किंवा बिडी नको. शेगडीची भोकेही तारेने साफ करा.

टाकी दोन्ही रात्री सारखीच, पण थोडीच चढली, तर टाकीलाही साबणाचे पाणी लावून पाहा. गंजून भोक पडलेले असते. टाकी धड असेल तर मात्र गोठ्याकडे वळा. माझा खरा संशय तिथेच आहे. दोन घनमीटरला रोज साधारण 50 किलो ताजे शेण लागते. भात झोडून झाले की गुरे मोकळी सुटतात आणि दिवसभराचे शेण रानात पडते. ऊन चांगले म्हणून उरलेल्यातून गोवऱ्या थापल्या जातात, काही राबासाठी बाजूला जाते. खड्ड्यात पडते ते किती? एकदा काट्यावर पाटी तोला आणि आठ दिवस पाट्या मोजा. पाऊस असताना गुरे दावणीला होती, तेव्हा शेण पुरत होते. म्हणून पावसात चालणारा गॅस दिवाळीनंतर रुसला.

शेणाची तूट सापडली तर गुरे संध्याकाळी लवकर बांधा, गोवऱ्या थोड्या कमी थापा. राबासाठी शेण जाळण्यापेक्षा ते आधी संयंत्रात घाला. गॅस मिळेल आणि बाहेर पडणारी मळी शेताला खत म्हणून राहील. पण तूट एका दिवसात भरून काढायला दुप्पट शेण ओतू नका. जंतूंना ते पचत नाही, खड्डा आंबतो आणि गॅस पेटेनासा होतो. रोज थोडे थोडे वाढवा.

आता थंडीचा बंदोबस्त. सकाळी पिंपात पाणी भरून उन्हात ठेवा आणि शेण दुपारी कालवा. पहाटेच्या गार पाण्याने कालवू नका. शेण जितके, तितकेच पाणी. त्यात थोडे गोमूत्र चालेल. गोठा धुतलेले फिनेलचे किंवा साबणाचे पाणी मात्र आत जाऊ देऊ नका, त्याने जंतू मरतात. खड्ड्याच्या कडेने भाताच्या पेंढ्याचा जाड थर द्या. टाकी रोज थोडी फिरवा, म्हणजे वरची साय मोडते. काही झाले तरी साफ करायला कुणालाही खड्ड्यात उतरू देऊ नका. आतल्या वायूने माणसे गुदमरून गेली आहेत.

एक सांगून ठेवतो. आज घातलेल्या शेणाचा गॅस उद्याच मिळत नाही. उष्ण मुलखातही शेण पुरते पचायला तीसेक दिवस लागतात, डोंगराळ थंड भागात 55 धरतात. तेव्हा पंधरा-वीस दिवस धीर धरा.

आणि घरधन्यांना हा हिशेब दाखवा. दोन घनमीटरचा संयंत्र नीट चालला तर सुमारे 16 दिवसांत 14.2 किलोच्या एका सिलिंडरइतके जळण देतो. वर खत मिळते ते वेगळेच. ट्रकांचे भाडे दारात येईल, पण त्या भाड्यातून सिलिंडर आणि खत विकत आणायचे म्हणजे हातात किती उरेल? आणि सासूबाईंच्या खोकल्याचा हिशेब कशात मांडायचा?

ताई, आधी दोन रात्री खडूची खूण करा आणि आठ दिवस पाट्या मोजा. काय सापडले ते जरूर कळवा. खड्डा बुजवायचाच झाला तर तो पुढेही बुजवता येईल, पण एकदा बुजवलेला पुन्हा उकरून चालू करणे सोपे नाही.