कावेरीला कानातलं

तिरुवैयारुला नदीला कानातलं देतात. सोन्याचं नव्हे, ताडाच्या पानाचं. पानाची बोटभर पट्टी घट्ट गुंडाळून तिची चकती करायची, तिला लाल रंग लावायचा आणि जोडीला काळे मणी किंवा बारीकशी काळी बांगडी ठेवायची. तिकडे याला कादोलै-करुगमणी म्हणतात. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या दोन-तीन तारखेला, घाटाच्या वाटेवर बायका हे ढिगानं घेऊन विकायला बसतात. भाव इतका किरकोळ की घासाघीस करायची आपल्यालाच लाज वाटावी.

तिरुवैयारु तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी. आडीचा हा अठरावा दिवस म्हणजे आडीपेरुक्कु, तिथला नदीच्या पुराचा सण. 1934 साली मेट्टूरचं धरण झाल्यापासून पाणी रिवाजाप्रमाणे 12 जूनला सोडतात. ते खाली पोचतं, कालवे भरतात, भाताच्या पेरण्या-लावण्या सुरू होतात. अशा भरलेल्या नदीला तिकडचे लोक गर्भार समजतात. मग तिचं डोहाळजेवण आलंच! चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात आणि गुळाचा गोड भात असे पाच प्रकार घरून डब्यात भरून आणायचे आणि नदीला दाखवून काठावरच बसून खायचे. पुष्य मंडपाच्या घाटावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. केळीच्या पानावर हळदीचा गणपती, विड्याची पानं, फळं, भिजवलेल्या तांदळात गूळ कालवून केलेला काप्परिसी नावाचा प्रसाद, एक दिवा आणि ते कानातलं. पूजा झाली की मोठ्या बायका लहानींच्या गळ्यात हळदीनं पिवळा केलेला दोरा बांधतात. पुरुष तोच दोरा मनगटाला बांधून घेतात. नवं लग्न झालेली जोडपी जपून ठेवलेले लग्नातले हार आणून पाण्यात सोडतात. म्हणजे भेटीतला सगळ्यात मोलाचा ऐवज वाळलेली फुलं!

या यादीत मला आवडली ती तिची मर्यादा. वाड्यातली बाई आणि भाताच्या शेतात रोजानं जाणारी बाई यांच्या पानावर वस्तू त्याच. तुमच्याकडे पैसा आहे म्हणून कावेरीला सोन्याच्या कुड्या वाहा, असं कुणी म्हणत नाही. भेटीचं माप आधीच ठरलेलं असल्यामुळे कमी पडल्याची लाज नाही आणि वर चढण्याची सोयही नाही.

आपल्या संक्रांतीच्या वाणाची मूळ रीत हीच होती. सुगडात ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, तीळ, गव्हाच्या ओंब्या. जे शेतात उभं आहे तेच हातावर. मग स्टीलच्या वाट्या आल्या, त्यांच्यामागून प्लॅस्टिकच्या टोपल्या, साबणदाण्या, गाळण्या. आता प्रत्येक घरात माळ्यावर एक पिशवी असते, आलेलं वाण पुढच्या वर्षी द्यायला. आमच्या इमारतीत एक गुलाबी साबणदाणी अशी घरोघर हिंडत असते. आमच्याकडे ती दोनदा मुक्काम करून गेली. कुणालाही नको असलेली वस्तू विकत घेऊन, जिला नको तिला द्यायची, आणि तरी वाणाचा खर्च या वर्षी किती होणार म्हणून डोक्याला हात लावायचा!

मासिकांत यावर 'घरी बनवा, प्रेमानं द्या' असा उतारा असतो. त्यातली बरीचशी प्रकरणं मी करून पाहिली आहेत. मेणबत्त्यांसाठी मेण, साचे, वाती आणि सुगंधी तेल आणायला गेलं की बाजारातली मेणबत्ती परवडते. बरण्या रंगवायच्या तर आधी बरण्या विकत घ्या, मग रंग, मग ब्रश. ज्या घरात पैशांची ओढाताण असते तिथे वेळेचीही असते. दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला क्विलिंग शिकवू नये. घरची भेट स्वस्त पडायची असेल तर ती घरात आधीच असलेल्या वस्तूंतून आणि हाताला आधीच येत असलेल्या कामातून निघायला हवी. नाहीतर तो एक छंद आहे, चांगला छंद आहे, पण काटकसर म्हणून त्याची शिफारस करू नका.

पुन्हा तिरुवैयारुला येते. हे गाव जगाला माहीत आहे ते संत त्यागराजांमुळे. ते 1767 मध्ये तिरुवारूरला जन्मले, पण आयुष्य गेलं तिरुवैयारुत आणि 1847 च्या जानेवारीत देहही तिथेच ठेवला. ते उंछवृत्तीनं राहत. रस्त्यानं भजन म्हणत जायचं, दारातून जे मूठभर तांदूळ येतील त्यावर घर चालवायचं. तंजावरच्या गादीवर तेव्हा आपले भोसले. सरफोजी राजांनी दरबारात बोलावलं, भेटी पाठवल्या आणि त्यागराजांनी त्या परत केल्या, अशी आख्यायिका आहे. कल्याणी रागातली 'निधि चाल सुखमा' ही कृती त्याच प्रसंगाची म्हणून सांगतात. धनात सुख आहे की रामाच्या सेवेत, असा तिचा सवाल. थोरल्या भावाला हे नकार झेपले नाहीत, त्यानं पूजेतल्या मूर्तीच कावेरीत टाकल्या, असंही त्या कथेत पुढे येतं. मला त्या भावाबद्दल थोडी सहानुभूती आहे. घर चालवणाऱ्याला दारी आलेली तबकं परत जाताना बघवत नसणार.

पण नीट पाहिलं तर त्यागराजांनी भेटी घेणं सोडलं नव्हतं. मुठीची भेट ते रोज घेत होते. राजाच्या तबकाखाली माणूस दबतो. मूठभर तांदळाखाली देणाराही दबत नाही आणि घेणाराही नाही, कारण ती मूठ कुठल्याही घराला जमते. आजही दरवर्षी आराधनेच्या, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीच्या, सकाळी त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत उंछवृत्तीची फेरी निघते. नंतर शेकडो गायक-वादक जमिनीवर बसून त्यांच्या पंचरत्न कृती एकत्र गातात, नामवंत आणि शिकाऊ एकाच रांगांत. ज्या समाधीपाशी हे चालतं ते मंदिर गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी 1920 च्या दशकात आपल्या कमाईतून, दागिने विकून उभं केलं. हा हिशेब मात्र मुठीत बसत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय.

माप सुटलं की काय होतं तेही तिकडेच दिसतं. पोंगलला माहेरहून लेकीला 'सीर' जातं. हळदीचं पानांसकट रोप, ऊस, तांदूळ, गूळ, पोंगल शिजवायचं भांडं. शेतकऱ्याच्या घरात यातलं बहुतेक अंगणात नाही तर बांधावर सापडतं. पण त्याच सीरमध्ये पुढे मिक्सर, ग्राइंडर, कपाट शिरलं आणि लेकीच्या बापाला ते वर्षानुवर्षं पुरवावं लागलं. सरकारही पोंगलची भेट देतं. 2025 साली रेशन दुकानातून एक किलो तांदूळ, एक किलो साखर आणि एक अख्खा ऊस मिळाला. रोख रक्कम का नाही, म्हणून विरोधकांनी ओरड केली. आपल्याकडे 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, साखर, हरभऱ्याची डाळ आणि तेल असा 'आनंदाचा शिधा' निघाला होता, त्याचीही चर्चा वस्तूंपेक्षा पिशवीवरच्या फोटोंचीच जास्त झाली. मला पोंगलच्या भेटीतला तो उसाचा भाग आवडतो. स्वतःच्या उंचीपेक्षा मोठा ऊस सायकलला आडवा बांधून माणूस घरी निघालेला असतो आणि अख्खा रस्ता अडवतो.

तंजावरला एका मराठी घरी गेले होते. व्यंकोजीराजांच्या वेळी, 1675 च्या आसपास, आणि त्यानंतर जी माणसं इकडून तिकडे गेली त्यांचे हे वंशज. मराठी बोलतात, पण मधेच तमिळ क्रियापद येतं आणि आपण चमकतो. निघताना घरच्या अक्कांनी 'थांब' म्हटलं, आत गेल्या आणि तांबूल घेऊन आल्या. दोन विड्याची पानं, सुपारी, हळकुंड, एक केळं, कुंकवाची पुडी. पानं त्याच पट्ट्यातली. 'कुंभकोणम वेत्तिलै' म्हणून त्या पानाला 2025 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पान लुसलुशीत आणि तिखटपणाला बेताचं. पण मी खूश झाले ती सोबतच्या दुसऱ्या पुडीवर. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं डांगराचं पीठ! उडदाची डाळ खमंग भाजून दळलेली. ताकात-दह्यात कालवायचं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. आमच्याकडे आजी कच्चा कांदा घालायची. अक्कांकडे कांदा नाही, हिरवी मिरची आणि कोथिंबीर. याला तिकडे डांगर पचडी म्हणतात आणि ती तंजावर मराठ्यांची खूण मानली जाते. मी त्यांना पुण्याहून बाकरवडी नेली होती. त्यांनी दिलेल्या पुडीला बहुधा बाकरवडीच्या दहाव्या हिश्शाइतकाही खर्च आला नसेल. घरी आल्यावर आधी संपली ती पुडी.

तेव्हापासून मी वाणात, वाढदिवसाला, कुणाकडे पहिल्यांदा जाताना पुड्याच देते. डांगराचं पीठ, मेतकूट, कढीपत्त्याची चटणी, भाजलेल्या जवसाची चटणी. डाळ आपण महिन्याच्या सामानात आणतोच, कढीपत्ता सोसायटीच्या झाडाचा. पुडीवर काय आहे आणि कशात कालवायचं एवढं लिहायचं. बरणी नाही, रिबन नाही.

लहान मुलाला द्यायचं असेल तर तंजावरचीच डोलणारी बाहुली, तलैयाट्टी बोम्मै, घरी करता येते. तिची गंमत सगळी बुडाशी आहे. खालचा भाग अर्धगोल आणि मातीनं जड, वरचा कागदाच्या लगद्याचा, हलका. ढकलली की आडवी होते आणि झुलत पुन्हा उभी राहते. रबरी चेंडू अर्धा कापून त्यात ओली माती दाबून वाळवा, वर कागदाचं पोकळ धड आणि डोकं चिकटवा. पहिली बाहुली बहुधा कलंडून पडून राहील. डोकं हलकं करा.

आणि गोड हवंच असेल तर अशोका. हा हलवा तिरुवैयारुचाच. वाटीभर मुगाची डाळ कोरडी भाजून मऊ शिजवायची आणि घोटायची. दोन-तीन चमचे कणीक तुपात परतायची, त्यात डाळ, मग डाळीच्या दीड-दोनपट साखर, चिमूटभर केशरी रंग. कढईच्या कडा सुटेपर्यंत ढवळत राहायचं आणि मधेमधे तूप सोडायचं. आपल्या मुगाच्या शिऱ्यापेक्षा हा जास्त गुळगुळीत आणि चिकट होतो, चमच्यावरून घसरतो. डाळ-साखर स्वस्त, पैसे खातं ते तूप. दुकानवाले तुपात तेल मिसळतात, तुम्हीही निम्मं मिसळा, कुणाला कळत नाही.

डब्यात मात्र देऊ नका. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत. तुमच्या अशोकाच्या बदल्यात बिचारीला आठवडाभरात काहीतरी करून पाठवावं लागेल, तिच्या महिनाअखेरीला. केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधून द्या. पान नाही मिळालं तर द्रोण चालतो. अशोका दोन दिवस बाहेर टिकतो, त्याआधी खा म्हणून सांगायचं.