कोरा रकाना

शस्त्रक्रियेचा अभ्यास हाती घेताना आपण तंत्राचा पुष्कळ विचार करतो. नोंदीच्या तक्त्याचा मात्र सर्वांत शेवटी. माझेही तेच झाले. जांघेतील हर्नियाच्या अभ्यासासाठी मी 'जखमेत जंतुसंसर्ग' असा एक रकाना ठेवला होता. वर्षाअखेरीस बरेच रकाने कोरे निघाले. संसर्ग नव्हता, की कोणी पाहिलेच नव्हते? शिवाय नोंद रुग्ण घरी जाईपर्यंतचीच. संसर्ग तर पुष्कळदा त्यानंतर प्रकटतो. तो अभ्यास मला सोडून द्यावा लागला.

बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी शतकापूर्वीच प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवून वर्षानंतर त्याची पुन्हा चौकशी करण्याचा प्रघात पाडला. १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांच्या नोंदींतून आढळलेल्या १२३ चुका त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या.

माझे मत असे, की तक्ता पहिल्या रुग्णापूर्वी पक्का व्हावा. 'आहे', 'नाही' आणि 'पाहिले नाही' हे तीन पर्याय असावेत. संसर्गाची व्याख्या तक्त्यावरच छापावी. गुंतागुंतीची श्रेणी, २००४ च्या क्लॅव्हिएन-डिंडो वर्गीकरणाप्रमाणे, तिच्यावर कराव्या लागलेल्या उपचारावरून ठरवावी. तिसाव्या दिवसाची, आणि हर्नियात नव्वदाव्या दिवसाचीही, नोंद शस्त्रक्रिया करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करावी.

आपली रुग्णालये लहान आहेत हे खरे. पण चांगल्या तक्त्याला मोठी इमारत लागत नाही. रुग्णाने विश्वासाने आपली हकिकत आपल्या हाती दिली; तिचा रकाना कोरा ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.