आधी गुडघ्यातलं पाणी तपासा

पावसाळ्यात नागपुरात म्हाताऱ्या माणसाचा सांधा सुजला की डॉक्टरच्या आधी घरचेच निदान करून मोकळे होतात: चिकनगुनिया. त्यात तथ्य नाही असं नाही. १९७३ साली बार्शीत येऊन गेलेला हा आजार २००६ मध्ये विदर्भात पसरला आणि २०२४ मध्ये नागपूरने त्याची साथ पुन्हा भोगली. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्यात एडिस डास वाढतो, हेही खरंच. पण चिकनगुनिया बहुधा तापासोबत येतो आणि मनगटं, घोटे, बोटं एकदम धरतो. रातोरात एकच गुडघा तापून टम्म फुगला, तर तो साथीच्या खात्यावर टाकता येत नाही.

दुसरे म्हणतात, ‘‘वय झालं, वात आहे.’’ झिजेचं दुखणं सहसा वर्षानुवर्षं वाढतं. एका रात्रीत उसळत नाही. तिसरे रक्ताचा रिपोर्ट पुढे करतात: युरिक ॲसिड वाढलंय, म्हणजे गाऊटच! रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांचं ते एरवीही वाढलेलं असतं. उलट गाऊटच्या ऐन झटक्यात ते नॉर्मलही येऊ शकतं. संधिवातासाठी तपासला जाणारा आरए फॅक्टर तर काही धडधाकट वृद्धांतही पॉझिटिव्ह निघतो.

मग खात्री कशाने? सांध्यातल्या पाण्याने. ते गढूळ आहे का, हे सिरिंजमध्येच दिसतं. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे युरेटचे स्फटिक दिसले तर गाऊट. कॅल्शियमचे, शंकरपाळ्यासारखे दिसले तर उतारवयात जास्त आढळणारा स्यूडोगाऊट. डॅनियल मॅकार्टी आणि सहकाऱ्यांनी ही पारख १९६१-६२ मध्येच दाखवून दिली. तरी स्फटिक सापडले म्हणून जंतू शोधणाऱ्या ग्रॅम स्टेन आणि कल्चर या तपासण्या टाळू नयेत, कारण जंतुसंसर्ग सोबतीला असू शकतो. सांध्यात पू झाला तर कूर्चा काही दिवसांतच खराब होते, आणि वृद्धांना अशा वेळी ताप येईलच असं नाही.

‘‘पंचाहत्तरीत सुई कशाला? जंतू आत जातील,’’ असा आक्षेप येतो. निर्जंतुक पद्धतीने पाणी काढलं तर तसं फार क्वचित घडतं. त्यापेक्षा भीती बाळगावी ती निदानाआधीच दिलेल्या स्टिरॉइडच्या पुडीची: सूज उतरते, साखर चढते आणि पू आत तसाच राहतो.

तेव्हा मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर खासगी, जिथे जमेल तिथे त्याच दिवशी पेशंटला न्या. ‘‘पाणी काढून तपासणार का?’’ असं स्पष्ट विचारा आणि शक्यतो तोवर अँटिबायोटिक सुरू करू नका. नाहीतर कल्चरमध्ये जंतू कदाचित उगवणार नाहीत आणि पुन्हा अंदाजच हाती उरेल.